प्राध्यापकाची शिकाऊ उमेदवारी

आजच्या विषयाचे नाव फलकावर वाचून काही श्रोत्यांना नवल वाटले असेल. आम्ही पडलो कामगार चळवळीतले. भाईंदर पूर्वेच्या स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यांत, फाटकावरच्या सभांत आणि कामगार आयुक्तांच्या कचेरीत आमची हयात गेली. कॉलेजची पायरी विद्यार्थी म्हणून आम्ही कधी चढलो नाही. जे काही वाचले ते सार्वजनिक वाचनालयात आणि लोकलच्या डब्यात. मग विद्यापीठातील प्राध्यापकांनी शिकवण्याची विद्या कशी शिकावी, हा प्रश्न आमच्या दाराशी कोठून आला? उत्तर साधे आहे. शिकवणे हे काम आहे. त्याला हत्यारे लागतात, सराव लागतो, ते बिघडते आणि सुधारता येते. कोणतेही काम माणूस कोणत्या अटींवर शिकतो, कोणाच्या वेळात शिकतो आणि त्या वेळाचा पगार कोण देतो, हा तर आमचा जन्माचाच प्रश्न आहे.

प्रथम एक विसंगती आपल्या ध्यानात आणून देतो. पहिलीच्या वर्गावर उभे राहायचे असेल तर शिक्षणशास्त्राची पदविका लागते. आठवी-नववीला शिकवायचे तर बी.एड. पाहिजे. परंतु पदवीच्या वर्गाला शिकवणाऱ्या माणसाने शिकवायचे कसे, हे कधी तरी शिकलेले असावे, अशी अट नेमणुकीच्या वेळी कोणीच घालीत नाही. त्याने एम.ए. किंवा एम.कॉम. निदान ५५ टक्क्यांनी उत्तीर्ण केलेले असावे, नेट किंवा सेट परीक्षा दिलेली असावी अथवा पीएच.डी. मिळवलेली असावी. नेटच्या पहिल्या पत्रिकेत अध्यापनाच्या कलाविषयी प्रश्न असतात हे खरे. पण ते चार पर्यायांतून एक निवडण्याचे प्रश्न. पोहण्याची परीक्षा कोरड्या जमिनीवर घेतल्यासारखे ते आहे, एवढेच आम्ही म्हणतो आणि पुढे जातो.

विषय येणे आणि विषय शिकवता येणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हे आम्हाला पुस्तकातून कळले नाही; ते गाळ्यात कळले. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात भाईंदरची भांडी असतील. पातेले होते कसे? पत्र्याचे गोल सर्कल स्पिनिंग मशीनच्या साच्यावर फिरत असते आणि कारागीर लांब दांड्याचे हत्यार बगलेत धरून, अंगाचा भार देत, तो पत्रा साच्यावर निजवीत नेतो. भार जास्त झाला तर पत्रा फाटतो, कमी झाला तर सुरकुती पडते. आमच्या ओळखीचा एक उस्ताद होता. त्याच्या हातून दिवसभरात एक नग वाया जात नसे. पण हेल्परला शिकवताना तो एकच वाक्य बोले : ‘बघ, असा हात फिरव.’ हेल्पर बघत राही आणि नग फाडीत राही. त्याच गाळ्यात दुसरा एक कारागीर होता. त्याचा हात इतका सफाईचा नव्हता. पण तो हेल्परच्या पाठीमागे उभा राहून त्याच्या हातावर हात ठेवी, भार कोठे वाढला ते त्याला सांगायला लावी, फाटलेला पत्रा उचलून ‘हा येथेच का फाटला?’ असे विचारी. दोन महिन्यांत त्याचे पोर कारागीर होई. पहिल्याला काम येत होते. दुसऱ्याला काम आणि शिकवणे दोन्ही येत होते. आपल्या कॉलेजांत पहिल्या जातीचे विद्वान पुष्कळ आहेत, आणि त्यात त्यांचा दोष नाही. त्यांना दुसरी विद्या कोणी दिलीच नाही.

कोणी म्हणेल, हे भांड्यांना ठीक आहे. ज्ञानाची गोष्ट वेगळी. म्हणून ज्ञानाच्याच मोठ्या पेढीचे उदाहरण देतो. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात एरिक मझूर नावाचे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक आहेत. त्यांची व्याख्याने विद्यार्थ्यांना आवडत, परीक्षेतली अवघड गणितेही विद्यार्थी सोडवीत. १९९० च्या सुमारास त्यांनी त्याच विद्यार्थ्यांना बल आणि गती यांविषयी अगदी साधे, सूत्र न लागणारे प्रश्न घातले, आणि पुष्कळांची मूळ कल्पनाच कच्ची निघाली. सूत्रे पाठ होती. समज झालेली नव्हती. मग त्यांनी तासाची रीतच बदलली. थोडे बोलायचे, एक प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने आपले उत्तर ठरवायचे, नंतर शेजाऱ्याला ते पटवून द्यायचे आणि पुन्हा उत्तर द्यायचे. १९९७ साली त्यांनी या रीतीवर पुस्तक लिहिले. नावाजलेल्या विद्यापीठातल्या लोकप्रिय प्राध्यापकाला जर आपले शिकवणे पुन्हा तपासून पाहावे लागले, तर आमच्या मीरा रोडच्या कॉलेजात काल लागलेल्या पोराला कोणाच्या मदतीची गरज नाही, असे कोण म्हणेल?

आपल्या देशात हा विचार कोणाला सुचलाच नाही असे नव्हे. जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन केले, त्यात शिक्षक प्रशिक्षित असावा आणि त्याचा पगार वाढावा या दोन्ही मागण्या एकत्र आहेत. ते प्राथमिक शाळांविषयी बोलत होते. परंतु शिक्षण आणि पगार यांची गाठ त्यांनी एकदा बांधून दिली ती आमच्या मते कायमची. स्वातंत्र्यानंतर १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगाने शिक्षकांच्या उजळणी वर्गांचा पुरस्कार केला. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने आणखी पुढे जाऊन, नव्या अधिव्याख्यात्यांना कामाची ओळख करून देणारे वर्ग असावेत आणि मोठ्या विद्यापीठांत त्यासाठी कायमची व्यवस्था असावी, असे सुचवले. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूरकडचे. सूचना कागदावर वीस वर्षे राहिली. १९८६ चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आले आणि १९८७ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने ठिकठिकाणच्या विद्यापीठांत ‘अकॅडमिक स्टाफ कॉलेज’ या नावाची केंद्रे काढण्यास प्रारंभ केला. पहिल्या योजनेत ४८ केंद्रे होती. मुंबई विद्यापीठाचे केंद्र कालिन्याला विद्यानगरीत निघाले. पुणे, नागपूर, औरंगाबाद येथील विद्यापीठांनाही केंद्रे मिळाली.

तेथे दोन प्रकारचे वर्ग होत. नव्या प्राध्यापकासाठी ४ आठवड्यांचे ‘ओरिएंटेशन’ आणि जुन्यासाठी ३ आठवड्यांचा ‘रिफ्रेशर’. प्राध्यापक मंडळींच्या बोलण्यात हे दोन शब्द आपण ऐकले असतील. ते बहुधा ‘माझा एक रिफ्रेशर राहिला आहे’ अशा सुरात ऐकले असतील. विम्याचा हप्ता राहिला आहे, असे जसे आपण म्हणतो तसे. असे का झाले, ते जरा उलगडून पाहण्यासारखे आहे.

१९८७ हे वर्ष प्राध्यापकांच्या चळवळीतही मोठे. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये देशभरच्या विद्यापीठ व महाविद्यालयीन शिक्षकांनी वेतनश्रेणीसाठी संप केला. नवी वेतनश्रेणी आणि ही प्रशिक्षण केंद्रे एकाच काळात आली, आणि सरकारने दोहोंची मोट बांधली : बढती हवी असेल तर वर्ग केला पाहिजे. वरवर पाहता यात गैर काही नाही. कारखान्यातही वरच्या ग्रेडसाठी ट्रेड टेस्ट असतेच. पण ट्रेड टेस्टमध्ये कामगाराने जॉब करून दाखवावा लागतो. येथे पाहिला गेला तो हजेरीचा दाखला. वर्ग केल्यानंतर त्या प्राध्यापकाचे तास सुधारले काय, हे पाहायला कोणी त्याच्या कॉलेजात आले नाही. दाखला फायलीत गेला, फाईल विद्यापीठात गेली, बढती लागली आणि प्रकरण संपले. आजही २०१८ च्या नियमांप्रमाणे सहायक प्राध्यापकाला पहिली बढती पीएच.डी. असेल तर ४ वर्षांनी आणि ती नसेल तर ६ वर्षांपर्यंत थांबून मिळते, आणि तिच्यासाठी हे वर्ग करावेच लागतात. प्राध्यापकांच्या संघटनांनीही या बाबतीत बहुतेक वेळा एवढीच मागणी केली की वर्ग पुरे करण्याची मुदत वाढवून मिळावी. ती मागणी न्याय्यच होती, कारण केंद्रे थोडी आणि प्राध्यापक फार. पण वर्गात काय शिकवले जाते, हा प्रश्न कोणत्या मागणीपत्रात आमच्या तरी पाहण्यात आला नाही. कामगार संघटनेने हत्यारांचाही हिशेब मागावा लागतो, नुसत्या ओव्हरटाइमचा नव्हे.

वर्गात शिकवले काय जाई? समाज, पर्यावरण आणि शिक्षण यांचे नाते; शिक्षणाचे तत्त्वज्ञान आणि अध्यापनशास्त्र; ग्रंथालये, संगणक, संशोधनाची साधने; आणि शेवटी व्यवस्थापन व व्यक्तिमत्त्व विकास. म्हणजे चार ताटे, आणि प्रत्यक्ष तास कसा घ्यावा हे त्यांतल्या एका ताटातली एक वाटी. व्याख्याते एकामागून एक येत, दीड-दीड तास बोलत आणि जात. व्याख्यान हे एकच साधन कसे अपुरे आहे, यावर व्याख्यान! तरी आम्ही या केंद्रांना मोडीत काढणार नाही. त्यांचा एक मोठा गुण असा की, निरनिराळ्या गावांचे आणि निरनिराळ्या विषयांचे प्राध्यापक महिनाभर एका ठिकाणी बसत. पालघरकडचा भूगोलाचा शिक्षक आणि दादरचा रसायनशास्त्राचा शिक्षक एकमेकांना विचारीत : तुझ्या वर्गात किती? मागचे बाक ऐकतात का? तू काय करतोस? आम्हाला भेटलेल्या प्राध्यापकांपैकी ज्यांना त्या महिन्याचे काही आठवते, त्यांना चहाच्या वेळेतले हे बोलणेच आठवते. कामगारांच्या शिबिरातही असेच होते. म्हणून चहाची वेळ कमी करणाऱ्या संयोजकाविषयी आम्हाला नेहमी संशय वाटत आला आहे.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण त्यात नावे फार आणि फरक थोडा. २०१५ साली या केंद्रांना ‘मानव संसाधन विकास केंद्र’ म्हणू लागले. त्यानंतर ओरिएंटेशनच्या जागी महिन्याभराचा नवप्राध्यापक प्रवेश वर्ग आला आणि रिफ्रेशर २ आठवड्यांचा झाला. २०२० मध्ये कोविडच्या साथीत वर्ग पडद्यावर गेले आणि पुष्कळसे तेथेच राहिले. ५ सप्टेंबर २०२३ रोजी ‘मालवीय मिशन’ या नावाने नवी योजना सुरू झाली. तिच्याखाली प्रारंभी देशभर १११ केंद्रे होती. महाराष्ट्र सरकारनेही याच कामासाठी एक राज्य अकादमी काढली आहे. २०२० च्या राष्ट्रीय धोरणात एक चांगली गोष्ट आहे, ती मात्र मुद्दाम सांगितली पाहिजे : पीएच.डी. करणाऱ्या प्रत्येकाने, विषय कोणताही असो, अध्यापनाचाही अभ्यास करावा. २०२२ च्या पीएच.डी. नियमांत संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याला ४ ते ६ तास शिकवण्याचे किंवा त्यासारखे काम देता येईल, अशी तरतूदही आली. ही खरी शिकाऊ उमेदवारी होऊ शकते, जर शेजारी उस्ताद उभा असेल तर. नसेल तर ते फुकटचे मनुष्यबळ होईल, आणि आमच्या अनुभवाप्रमाणे तोच धोका अधिक.

आता आपल्या गावाकडे येऊ. मीरा-भाईंदर १९८५ साली नगरपालिका आणि २००२ साली महानगरपालिका झाली. २०११ च्या शिरगणतीत येथील वस्ती ८ लाखांच्या वर होती. मिठागरांच्या आणि कोळीवाड्यांच्या या पट्ट्यात आता कॉलेजेही झाली आहेत. ती मुंबई विद्यापीठाला जोडलेली. एक योगायोग पाहा. आपल्याच हद्दीत, उत्तनला, महाराष्ट्र न्यायिक अकादमी आहे. राज्यातले नवे न्यायाधीश तेथे येऊन राहतात आणि न्यायदानाचे काम शिकतात. कायद्याची पदवी आहे, परीक्षा उत्तीर्ण झाली आहे, तरी त्यांना थेट खुर्चीवर बसवीत नाहीत. त्याच उत्तनला केशवसृष्टीत रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनीत नगरसेवकांचे आणि आमदारांचे वर्ग होतात. म्हणजे न्याय देणारे आणि निवडून आलेले या गावात येऊन शिकतात, आणि या गावातल्या मुलांना शिकवणारे मात्र भाईंदरहून लोकलने सांताक्रूझ आणि तेथून बसने कालिना गाठतात. तेही ज्यांना जाता येते ते.

ज्यांना जाता येत नाही त्यांच्याविषयीच आम्हाला आज मुख्यतः बोलायचे आहे. महाराष्ट्रात २००१ नंतर निघालेल्या कॉलेजांना सरकारने कायम विनाअनुदानाचे तत्त्व लावले. अनुदानित कॉलेजांतही रिकाम्या झालेल्या जागा वर्षानुवर्षे भरल्या गेल्या नाहीत. त्या जागी तासिका तत्त्वावर माणसे घेतली गेली. तासिका तत्त्व म्हणजे, जितके तास घेतले तितके पैसे. मे महिन्यात तास नाहीत, पैसे नाहीत. दिवाळीला नाहीत, परीक्षेच्या काळात नाहीत. अनुदान आयोगाने २०१९ साली पाहुण्या प्राध्यापकाला तासाला १,५०० रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० रुपये असा दर सुचवला. आमच्या राज्यात प्रत्यक्ष हातावर पडते ते याच्या पुष्कळ खाली. ‘प्राध्यापक’ हा शब्द ऐकून वाण्याने उधारी वाढवावी, एवढाच त्या पदाचा लाभ.

असा एक तरुण काही वर्षांपूर्वी आमच्या कचेरीत आला. आला होता दुसऱ्याच कामासाठी. त्याच्या वडिलांचा ग्रॅच्युइटीचा दावा होता. बोलता बोलता त्याची स्वतःची हकीकत निघाली. वाणिज्य शिकवी. सकाळी एका कॉलेजात, दुपारी दुसऱ्या, आणि आठवड्यातून तीन दिवस खाडीपलीकडे तिसऱ्या. वर्गात शंभर-सव्वाशे मुले. कोणी मारवाडी दुकानदाराचा मुलगा, कोणी उत्तनच्या मच्छीमाराची मुलगी, कोणी उत्तर प्रदेशातून आलेल्या रिक्षावाल्याचा पोरगा. पुस्तक इंग्रजी, मुलांच्या तोंडी मराठी, हिंदी, गुजराती. ‘डेबिट-क्रेडिट सांगतो तेव्हा सगळे मान हलवतात,’ तो म्हणाला, ‘आणि पेपरात निम्मे उलटे लिहितात. माझे चुकते कोठे, हे मला कोणी दाखवील काय?’

हा प्रश्न विचारणारा माणूस अर्धा शिक्षक झालेलाच असतो. त्याने कालिन्याच्या वर्गाची चौकशी केली होती. अकराव्या योजनेच्या काळातील नियमांत तर असे स्पष्ट होते की, तीन शैक्षणिक सत्रे शिकवलेल्या तात्पुरत्या आणि अर्धवेळ शिक्षकालाही तेथे घेता येईल. दार कागदावर उघडे होते. तो कॉलेजच्या कचेरीत पत्र मागायला गेला, तेव्हा त्याला सांगण्यात आले : जरूर जा, पण त्या महिन्याच्या तासिकांचे पैसे मिळणार नाहीत, आणि तास दुसऱ्याला दिले तर ते तुला परत मिळतीलच असे नाही. दुसऱ्या दोन ठिकाणी त्याने विचारलेसुद्धा नाही. कॉलेजचे नाव आम्ही घेत नाही. घेऊन उपयोगही नाही, कारण नाव बदलले तरी उत्तर हेच आहे. कायम प्राध्यापक याच वर्गाला ‘कर्तव्य रजे’वर जातो. त्याचा पगार चालू असतो, जागा शाबूत असते, आणि आल्यावर बढतीच्या वाटेवर एक पाऊल पुढे पडलेले असते. ज्याला बढतीच नाही त्याच्यासाठी त्या दाखल्याला किंमत कोणती? म्हणजे ज्याला शिकण्याची गरज अधिक, त्यालाच शिकणे महाग पडते.

पण पैशाहून खोल अशी एक गोष्ट आहे, आणि तिच्याकडे धोरणे लिहिणाऱ्यांचे लक्ष गेलेले दिसत नाही. काम सुधारायचे तर आपले चुकते कोठे, हे दुसऱ्याला दिसू द्यावे लागते. गाळ्यात फाटलेला पत्रा उस्तादाच्या हातात द्यावा लागतो. प्राध्यापकाने आपल्या तासाला एखाद्या जाणत्या सहकाऱ्याला मागच्या बाकावर बसू द्यावे, नंतर दोघांनी बोलावे, मग त्याने त्या सहकाऱ्याच्या तासाला जाऊन बसावे. याहून स्वस्त आणि गुणकारी प्रशिक्षण दुसरे नाही. त्याला केंद्र लागत नाही, पडदा लागत नाही. पण ज्याची नेमणूक दर जूनमध्ये नव्याने होते, तो मागच्या बाकावर कोणाला बसू देईल? त्याला वाटणार, हा माझ्या चुका टिपून वर सांगेल आणि पुढच्या वर्षी माझे तास जातील. त्याचे वाटणे खोटे नाही. कारखान्यात आम्ही हे डोळ्यांनी पाहिले आहे : कंत्राटी कामगार बिघडलेला नग लपवतो, कायम कामगार तो उचलून सुपरवायझरपुढे ठेवतो आणि डाय तपासा म्हणून सांगतो. दोघांच्या स्वभावात फरक नसतो; फरक नेमणुकीच्या पत्रात असतो. तेव्हा नोकरीची शाश्वती ही पगाराचीच बाब आहे असे कोणी समजू नये. ती शिकण्याचीही अट आहे.

पडद्यावरच्या वर्गांनी प्रवास वाचवला हे आम्ही मान्य करतो. भाईंदरच्या बाईला, घरी तान्हे मूल असताना, कालिन्याला महिनाभर जाणे शक्यच नव्हते. तिला घरी बसून वर्ग करता आला. पण तासिकेवाला आपला वर्ग विरारच्या लोकलमध्ये, कानात यंत्र घालून, एका हाताने कडी धरून करतो. पटावर हजेरी लागते. मनाची हजेरी लागते काय, हे ज्यांनी संध्याकाळी सहाची विरार गाडी पाहिली आहे त्यांनी ठरवावे.

कामगारांना शिकवण्याचा एक प्रयोग आपल्याच राज्यातून चालला, तो विद्वानांनी पाहण्याजोगा आहे. १९५८ साली केंद्र सरकारने कामगार शिक्षण मंडळ स्थापन केले. त्याची कचेरी नागपूरला. (आता ते दत्तोपंत ठेंगडी यांच्या नावाने ओळखले जाते.) त्याची रचना तीन पायऱ्यांची होती. प्रथम शिक्षणाधिकारी तयार करायचे. त्यांनी कारखान्यातून आलेल्या कामगारांमधून ‘कामगार-शिक्षक’ तयार करायचे. आणि त्या कामगार-शिक्षकांनी आपापल्या कारखान्यात परत जाऊन सोबत्यांचे वर्ग घ्यायचे. त्या काळासाठी मालकाने त्या माणसाला कामावरून मोकळे करून पाठवायचे. नव्वदीच्या दशकात आम्ही अशा एका वर्गाला बसलो. तेथे आम्हाला वाटाघाटीचा विषय शिकवला तो भाषणाने नव्हे. अर्ध्यांनी मालक व्हायचे, अर्ध्यांनी युनियन. टेबल मांडायचे आणि बोनसवर भांडायचे. मग शिक्षणाधिकारी विचारी : तुम्ही पाचव्या मिनिटाला आकडा का सांगून टाकलात? शेवटच्या आठवड्यात प्रत्येकाने उभे राहून वीस मिनिटे वर्ग घ्यायचा आणि उरलेल्यांनी त्याची चिरफाड करायची. मॅट्रिकही न झालेल्या माणसांना १९५८ पासून शिकवायला शिकवता येते, तर एम.ए. झालेल्यांना का येऊ नये?

परदेशांतही हा प्रश्न जुना आहे. इंग्लंडात १९९७ साली डिअरिंग समितीने विद्यापीठांतल्या शिक्षकांना अध्यापनाचे मान्यताप्राप्त शिक्षण असावे असे सांगितले आणि तेथे ती रीत रुळली. स्वीडनने २००३ मध्ये १० आठवड्यांचे प्रशिक्षण सक्तीचे केले. २०११ मध्ये सरकारी सक्ती काढली, तरी पुष्कळ विद्यापीठांनी ते आपणहून चालू ठेवले. जे गोड लागते ते सक्ती गेली तरी माणूस खातो. आपल्याकडे बढतीची अट उद्या काढली तर कालिन्याला किती मंडळी जातील, याचा अंदाज प्राध्यापकांनीच बांधावा.

‘शिक्षक जन्मावा लागतो’ असे म्हणणारे काही ज्येष्ठ प्राध्यापक आम्हाला भेटतात. आम्ही त्यांना विचारतो, तुम्ही पहिल्या वर्षी जसे शिकवीत होतात तसेच विसाव्या वर्षी शिकवलेत काय? ते हसतात. मधल्या एकोणीस वर्षांत ते शिकले, पण कोणाच्या जिवावर? दर वर्षीच्या सव्वाशे मुलांच्या जिवावर. सुताराचा शिकाऊ पोरगा लाकूड बिघडवतो, तेव्हा निदान लाकडाची किंमत मालक भरतो. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने कारखानदारावर बंधन घातले आहे की शिकाऊ मुलाला विद्यावेतन द्यावे आणि त्याला शिकवण्यासाठी योग्य पात्रतेचा माणूस नेमावा. कॉलेजच्या चालकावर असे बंधन कोणते आहे?

त्या तरुणाचे पुढे काय झाले ते सांगितले पाहिजे. आम्ही त्याला प्रशिक्षण देऊ शकत नव्हतो. पण आमच्या कचेरीत शनिवारी संध्याकाळी जागा रिकामी असते. त्याच्यासारखे चार-सहा जण जमू लागले. कोणी वाणिज्याचा, कोणी इतिहासाचा, एक बाई मानसशास्त्राची. नियम एकच : एकाने आपला येत्या आठवड्यातला तास दहा मिनिटे घ्यायचा आणि बाकीच्यांनी पहिल्या वर्षाचे विद्यार्थी व्हायचे. डेबिट-क्रेडिटच्या वेळी आम्हीही बाकावर बसलो. आम्हाला समजले नाही, तसे आम्ही सांगितले. इतिहासवाला म्हणाला, पुस्तकातली कंपनी बाजूला ठेव आणि पोरांना त्यांच्या गल्लीतल्या दुकानाची उधारीची वही आणायला सांग. त्याने तसे केले. मारवाड्याच्या मुलाने खतावणी फळ्यावर काढली. उत्तनच्या मुलीने बोटीवर मासळीचा वाटा कसा लावतात, डिझेल आणि बर्फ आधी कसे वजा करतात, ते सांगितले. आणि मग पुस्तकातला तक्ता उघडला. सगळ्यांना आले असे तो म्हणाला नाही. पण पेपर तपासताना आपल्याला प्रथमच कळले की कोणाचे कोठे अडते, असे म्हणाला. दोन वर्षांनी मंडळी पांगली : एकाला गुजरातेत नोकरी लागली, एकाने शिकवणे सोडून बँकेची परीक्षा दिली. वाणिज्यवाला अजून तासिकेवरच आहे.

अशा शनिवारांवर कॉलेजे चालत नाहीत, हे आम्ही जाणतो. म्हणून मागणी नेमकी सांगतो. नेमणूक कायम असो वा तासिकेची, प्राध्यापकाला वर्षातले काही दिवस प्रशिक्षणासाठी भरपगारी मिळावेत, आणि तासिकेवाल्याला त्या दिवसांच्या तासिका धरून द्याव्यात. त्याचे तास त्या काळात दुसऱ्याला कायमचे देऊ नयेत. त्याच्या तासाला जो सहकारी बसेल त्याचे टिपण नेमणुकीच्या फायलीत जाऊ नये. आणि विद्यापीठाच्या केंद्राने आठवड्यातून एक दिवस या बाजूच्या एखाद्या कॉलेजात, दहिसरच्या अलीकडे नव्हे तर पलीकडे, येऊन बसावे. ८०० च्या वर कॉलेजे असलेल्या विद्यापीठाने सगळ्यांना कालिन्याला बोलावणे म्हणजे सगळ्या रुग्णांना एकाच दवाखान्याच्या जिन्यावर उभे करणे होय.

यातल्या पहिल्या तीन गोष्टींना नवा कायदा लागत नाही. नेमणुकीच्या पत्रात तीन ओळी वाढवाव्या लागतात. ती पत्रे जून-जुलैत निघतात, आणि त्यांचा मसुदा बहुतेक ठिकाणी मेअखेरीस कारकुनाच्या टेबलावर मागच्या वर्षीची तारीख खोडून तयार होतो. आज सभागृहात जी प्राध्यापक मंडळी बसली आहेत, त्यांनी आपले मागच्या वर्षीचे पत्र काढून त्यात या तीन ओळी कोठे बसतील ते पाहावे, आणि मसुदा टाइप होण्यापूर्वी चार-पाच जणांनी मिळून प्राचार्यांना भेटावे. एकट्याने जाऊ नये.